उधारीचा उजेड

मोटारींच्या प्रदर्शनाहून परतलेला मनुष्य आपली छायाचित्रे चारचौघांना दाखवू लागला, की तिसऱ्या-चौथ्या चित्रापाशी त्याच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : ‘प्रत्यक्षात ती गाडी अशी नव्हती हो.’ गाडी लालचुटूक होती, ती विटकरी आली आहे. शेजारी उभ्या असलेल्या वहिनींच्या चेहऱ्यावर कावीळ झाल्यासारखी झाक उतरली आहे. चिरंजीवांनी ऐन वेळी मान वळवल्यामुळे त्यांना दोन नाके फुटली आहेत. आणि बॉनेटवर, जिथे कारखानदाराने मोठ्या खर्चाने घडवलेला डौलदार बाक दिसावयाचा, तिथे छतावरच्या दिव्यांची एक रांग पांढऱ्या किड्यांसारखी पसरली आहे. दोष कॅमेऱ्याचा म्हणावा, तर तो बहुधा चांगला महागाचा असतो; हाताचा म्हणावा, तर त्याच हाताने काढलेली महाबळेश्वरची चित्रे चौकटीत घालून भिंतीवर लावण्याजोगी असतात. मग बिघडते कोठे? अनेक प्रदर्शनांत अनेक चित्रे वाया घालवल्यानंतर प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात एवढे आले, की त्या दालनांत ज्या उजेडावर आपण विसंबतो, तो मुळी आपल्यासाठी लावलेलाच नसतो. तो दुसऱ्याने, स्वतःच्या पैशाने आणि केवळ गाडीसाठी लावलेला असतो. त्यातून जे सांडते त्यावर आपल्याला आणि आपल्या माणसांना निर्वाह करावयाचा असतो.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. पॅरिसचा ग्राँ पाले म्हणजे १९०० सालच्या विश्वप्रदर्शनाकरिता लोखंड आणि काच यांचा उभारलेला प्रासाद. १९०१ पासून १९६१ पर्यंत त्या शहरातील मोटारींचे प्रदर्शन त्याच्याच काचेच्या छताखाली भरत असे. लंडनच्या ऑलिंपिया सभागृहालाही काचेचेच छत होते. आभाळ हा दिवा फार मोठा आणि स्वभावाने निःपक्षपाती. त्याच्याखाली गाडी, विक्रेता, गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाचे कंटाळलेले मूल ही सगळी सारखीच उजळतात. पुढे प्रदर्शने वाढली, काचेची छते अपुरी पडू लागली आणि सर्व बाजूंनी बंद असलेली अवाढव्य दालने आली. आपल्याकडे दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८६ च्या जानेवारीत ऑटो एक्स्पोचा प्रारंभ झाला आणि २०१४ मध्ये त्यातील मोटारींचा भाग ग्रेटर नोएडाच्या इंडिया एक्स्पो मार्टमध्ये गेला. अशा दालनांत बाहेर दुपार आहे की मध्यरात्र याची वर्दी आत पोचत नाही. आणि प्रदर्शकाला ते मनापासून हवे असते. आभाळावर त्याची हुकमत चालत नाही, दिव्यांवर चालते. म्हणून तो आपल्या जागेवर लोखंडी सांगाडा उभारतो, त्यावरून तीव्र झोतांचे दिवे थेट गाडीच्या माथ्यावर सोडतो, आणि मधल्या वाटा मुद्दाम अंधुक ठेवतो. कारण भोवतालचा काळोख जितका गडद, तितकी त्याची गाडी तेजःपुंज. या नाट्यात प्रेक्षक हा प्रेक्षकच असतो. त्याच्या डोक्यावर जो काही झोत पडेल तो सरळ वरून पडतो, आणि कपाळ व नाकाचा शेंडा उजळून डोळ्यांच्या जागी दोन खड्डे करून ठेवतो.

या उजेडाचा जमाखर्च एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. भर उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश सुमारे १ लाख लक्स असतो. प्रदर्शनातल्या अंधुक वाटेवर तो शंभराच्या घरात आला तरी नवल नाही. म्हणजे दाराबाहेर जे भांडवल होते, त्याचा हजारावा हिस्सा दाराआत शिल्लक राहिला. एवढी मोठी तूट आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा हा पट्टीचा दरबारी आहे. बाहुली रुंदावून, आतल्या पडद्याची संवेदना वाढवून, तो मालकाला वाईट वार्ता कळूच देत नाही. कॅमेरा मात्र जुन्या वळणाचा कारकून. त्याच्या वहीत तूट ती तूटच. उन्हात आयएसओ १००, छिद्र एफ १६ आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग, हा हिशेब जुन्या छायाचित्रकारांना तोंडपाठ असे. आता हजारपट तूट भरून काढावयाची, तर छिद्र एफ १६ वरून एफ २ वर आणावे. ११, ८, ५.६, ४, २.८, २ अशा सहा पायऱ्या उतरताना दर पायरीला प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे ६४ पट मिळकत झाली. आयएसओ १०० वरून १६०० वर न्यावे. तिथे चार पायऱ्या, म्हणजे १६ पट. चौसष्ट गुणिले सोळा, १,०२४. खाते जुळले, आणि शटरला हातही लावावा लागला नाही. मात्र कोणताही सावकार बिनव्याजी देत नाही. आयएसओ वाढवल्याचे व्याज म्हणजे चित्रावर उठणारी रवाळ खरखर. परंतु अलीकडचे कॅमेरे १६०० ला, किंबहुना ३२०० लाही, फारशी कुरकुर करीत नाहीत, आणि रवा दिसला तरी चित्र वाचता येते, हललेले चित्र वाचता येत नाही. नवशिका बहुधा नेमके उलटे करतो : आयएसओ कमी ठेवतो, शटर लांबवतो, आणि सगळ्या प्रदर्शनाचे धुके घरी घेऊन येतो.

शटर शंभराव्या भागावर ठेवण्यात आणखी एक लाभ आहे, तो उन्हात कधी कळत नाही. आपल्या वीजपुरवठ्यातील प्रवाहाची आवर्तने सेकंदाला ५०, आणि दर आवर्तनात दिव्याचे तेज दोनदा चढते-उतरते. म्हणजे जुन्या पद्धतीच्या नळीदिव्यांचा आणि हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभरदा श्वास घेतो. डोळ्याला ते दिसत नाही. परंतु शटर पाचशेव्या किंवा हजाराव्या भागावर नेले, तर कॅमेऱ्याच्या हाती त्या श्वासाचा एखादाच तुकडा लागतो. कधी चित्र काळवंडते, कधी त्यावर आडवे पट्टे पडतात, आणि लागोपाठच्या दोन चित्रांत एकाच गाडीचे दोन रंग येतात. शंभरावा भाग ठेवला, की दर चित्राच्या पदरात बरोबर एक संपूर्ण श्वास पडतो. उभा राहून बोलणारा माणूसही एवढ्या अवधीत बहुधा स्थिर येतो. हातवारे करणाऱ्याचा हात तेवढा विरघळतो, आणि तो विरघळलेला मला तरी खुपत नाही. कॅमेऱ्यांत हल्ली असलेली कंप थोपवण्याची सोय अनेकांना तारक वाटते. ती आपला हात सावरते; समोरच्या मुलाची मान सावरण्याचा अधिकार तिच्याकडे नाही.

छिद्र मोठे केल्याचे व्याज अधिक जाचक. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने, एफ १.८ ला, तीन मीटरवरच्या माणसाचे चित्र घेतले, तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम १३ सेंटिमीटर रुंद असतो. त्यात चेहरा मावतो. गाडीचा आरसा मावेल, गाडी मावत नाही. तेच ३५ मिलिमीटरच्या लेन्सने, एफ २ ला, तितक्याच अंतरावरून घेतले, तर पट्टा सुमारे ९० सेंटिमीटरांचा होतो. चार मीटर लांबीच्या मोटारीला तोही तोकडाच. परंतु त्याची वाटणी कशी करावयाची हे आपल्या हाती आहे. लोक आपल्या माणसाला गाडीच्या दाराशी टेकवून उभे करतात आणि स्वतः समोरच्या कोपऱ्यावर जातात. मग एक तर माणूस स्पष्ट येतो आणि गाडीचे तोंड धूसर, किंवा तोंड स्पष्ट आणि माणूस धूसर. त्यापेक्षा त्याला जवळच्या हेडलाइटशेजारी, कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर उभे करावे. गाडीचा डोळा आणि माणसाचा डोळा एका रेषेत आले, की उरलेली गाडी मागे खुशाल विरत जावी. तिची ओळख तिच्या तोंडवळ्यावरून पटलेली असते. गर्दी मागे सरकू देत नाही म्हणून अतिरुंद लेन्सने अगदी जवळून चित्र घेणाऱ्यांची गत निराळी; त्यांच्या गाडीला सोंड येते आणि मागची चाके खेळण्यातली होतात.

अंधुक दालनात, परवानगीची पर्वा न करता, माणसे टिपण्याच्या विद्येचा एक आचार्य होऊन गेला, त्याचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. बर्लिनचा एरिख सालोमन शिक्षणाने कायद्याचा पदवीधर. जर्मनीत १९२४ साली एर्मानॉक्स नावाचा, काचेच्या छोट्या प्लेटा वापरणारा कॅमेरा निघाला, त्याची लेन्स एफ २ ची, पुढे एफ १.८ ची, त्या काळी ही गोष्ट जवळजवळ अविश्वसनीय होती. १९२८ मध्ये सालोमनने बर्लिनच्या फौजदारी न्यायालयात, जिथे कॅमेऱ्याला सक्त मनाई होती, आपल्या टोपीत तो दडवून खटल्याची छायाचित्रे घेतली; आणि पुढची काही वर्षे युरोपातल्या परिषदांत, मेजवान्यांत, मध्यरात्रीच्या वाटाघाटींत थकून डुलक्या घेणाऱ्या मुत्सद्द्यांना त्याने फ्लॅशच्या लखलखाटाशिवाय, त्यांच्याच झुंबरांच्या उजेडात पकडले. त्याची प्लेट आजच्या मानाने कमालीची मंद, त्यामुळे त्याला लांबच लांब अवधी द्यावा लागे. तेव्हा तो यंत्र टेकवण्याची जागा शोधी आणि बोलणारा माणूस क्षणभर थबकण्याची वाट पाही. बोलणारा प्रत्येक मनुष्य वाक्याच्या शेवटी थबकतो, हे त्यातले मर्म. बहुतेक प्रदर्शनांत गर्दीच्या वेळी तिपाईला मज्जाव असतो. परंतु खांब, कठडा, स्वतःचे गुडघे यांना कोणी मज्जाव करू शकत नाही.

आता गाडीकडे वळू. कारण खरा घोटाळा तिथे आहे. चकचकीत मोटार ही वस्तू नसून आरसा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडकीच होईल. तिच्या अंगावर जे दिसते त्यातले बरेचसे तिच्या समोरचे असते : दिवे, फलक, शेजारच्या कंपनीचा निळा पडदा आणि कॅमेरा डोळ्याला लावून वाकलेले आपण स्वतः. काळ्या गाडीत तर या आरशावाचून दुसरे काही नसतेच. म्हणून जाणता मनुष्य गाडी पाहण्याआधी गाडीत काय दिसते ते पाहतो. गुडघ्यांवर बसतो, दोन पावले डावीकडे सरकतो, आणि छतावरच्या दिव्यांची ती किड्यांसारखी रांग बॉनेटच्या मधून घसरून कडेच्या घडीवर येईपर्यंत थांबतो. ती तिथे आली, की उपद्रव संपून तिची सेवा सुरू होते. त्या एका उजळ रेषेने गाडीचा सारा बांधा कोरून निघतो. फिरत्या चौथऱ्यावरील गाडी पाहून लोक त्रासतात. मला तोच चौथरा सर्वांत प्रिय, कारण तिथे आपण स्थिर उभे राहावे आणि उजेडाची रेषा हेडलाइटपासून डिकीपर्यंत आपणहून चालत जावी. ध्रुवण करणारी फिरती काच लेन्सवर बसवली, तर काचेवरचे आणि रंगावरच्या पारदर्शक थरावरचे प्रतिबिंब, विशेषतः तिरक्या कोनातून, बरेचसे मावळते. क्रोमवरचे मावळत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश या काचेला दाद देत नाही. परंतु ही काच प्रकाशाची एक ते दोन पायऱ्या दस्तुरी म्हणून कापून घेते, आणि शंभर लक्सच्या मुलखात एवढी दस्तुरी देण्याची ऐपत कोणाची असते? शिवाय सगळी प्रतिबिंबे पुसून टाकलेली गाडी मातीच्या खेळण्यासारखी निर्जीव दिसते, हे तर कोणी आधी सांगतच नाही.

फ्रान्समध्ये म्युलूज येथे श्लुम्फ बंधूंनी जमवलेल्या मोटारींचे संग्रहालय आहे. आज टिकून असलेल्या सहा बुगाटी रॉयालपैकी दोन तिथे आहेत. आणि त्या विस्तीर्ण दालनात शेकडो दिव्यांचे खांब उभे केले आहेत, ते पॅरिसच्या अलेक्झांडर तिसरा पुलावरील खांबांच्या नमुन्याचे. तिथल्या छायाचित्रांत जुन्या गाड्यांच्या मडगार्डांवर त्या गोल दिव्यांच्या माळा उमटलेल्या दिसतात, आणि त्या दागिन्यांसारख्या शोभतात. दिवा कोठे लावावा, एवढाच काय तो सौंदर्याचा आणि विद्रूपतेचा फरक.

गाडी हा आरसा असेल, तर तिच्यावर पडलेला उजेड ती कोणाला तरी परत करीत असलीच पाहिजे. पांढऱ्या मोटारीवर वरून झोत पडलेला असताना तिच्या बॉनेटपाशी कोणी वाकून पाहू लागला, तर त्या बॉनेटवरून उसळलेला मऊ प्रकाश खालून त्याच्या चेहऱ्यावर जातो, डोळ्यांचे खड्डे भरून निघतात, हनुवटीखालची सावली विरते. स्टुडिओत ज्याकरिता पांढरे पत्रे धरून नोकर उभे करतात, ते काम गाडी फुकट करते. उघड्या दारातून आतल्या दिव्याचा उजेड बसणाऱ्याच्या गालावर येतो, तोही कामाचा. तेव्हा आपली माणसे गाडीकडे पाठ करून, अंधारात तोंड घालून उभी करण्याचा जो प्रघात पडला आहे, तो सोडून त्यांना गाडीकडे तोंड करून पाहू द्यावे आणि आपण बाजूने पाहावे. एवढे मात्र खरे, की लाल गाडी लालच उजेड परत करते. तिच्याशेजारी उभ्या राहिलेल्या गृहस्थांचे गाल चित्रात लाजल्यासारखे दिसतात, आणि तो रंग कोणत्याही दुरुस्तीने सर्वस्वी निघत नाही. रंगांचा एरवीचा गोंधळ तुलनेने सुसह्य. पिवळसर दिवे, पांढरे झोत आणि मागचा निळा पडदा यांची भेसळ कॅमेऱ्याच्या स्वयंचलित निवाड्यावर सोपवू नये. त्या जागी एखाद्या करड्या कार्डाचे चित्र आधी घेऊन ठेवावे आणि मूळ कच्ची फाइल जपावी, म्हणजे घरी फेरतपासणीला वाव राहतो. प्रकाशमापकाचेही तसेच : त्याला सारे जग मध्यम करडे असावेसे वाटते, म्हणून काळी गाडी तो राखेसारखी करून टाकतो आणि पांढरी मळकट, पहिलीला एक पायरी कमी, दुसरीला एक पायरी अधिक, एवढी दुरुस्ती आपण स्वहस्ते करावी.

मग फ्लॅश कशासाठी आहे, असे कोणी विचारील. फ्लॅश म्हणजे स्वतःच्या खिशातील पैसा, आणि तो फार लांब पोचत नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो, तिप्पट झाले की नवव्या हिश्श्यावर. हेडलाइट आपल्यापासून दोन मीटरवर आणि मागचे टोक सहा मीटरवर असेल, तर तोंडावर जितका प्रकाश पडेल त्याच्या नवव्या हिश्श्यात शेपटीला भागवावे लागते. तोंड भाजून निघते, शेपूट काळोखात जाते, आणि परावर्तक थर दिलेली नंबरप्लेट मध्येच पांढरी फटफटीत होते. तो प्रकाश छतावरून उसळवून घ्यावा, तर छत उंच आणि बहुधा काळे. शटर तसेच शंभराव्या भागावर ठेवून फ्लॅश अगदी दबक्या ताकदीने, कॅमेऱ्यापासून हातभर दूर धरून वापरला, तर माणसाच्या डोळ्यांत चमक येण्यापुरता तो उपयोगी पडतो. एकदा मी तो शेजाऱ्याच्या हातातल्या उलगडलेल्या वर्तमानपत्रावरून उसळवला होता. चित्र चांगले आले, शेजारी मात्र वाचनभंगामुळे रुष्ट झाले.

ज्यांना फ्लॅशवाचून गत्यंतर नव्हते अशांची पिढीच होऊन गेली. होमाई व्यारावाला या आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीचा. कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये, पुढे दिल्लीत दीर्घकाळ काम. त्यांच्या काळातला फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटे आणि फुकट जाई. म्हणजे प्रत्येक चित्राला एक बल्ब, आणि गेलेला क्षण गेलेलाच. असा हिशेब डोक्यावर असला, की मनुष्य बटण दाबण्याआधी पाहायला शिकतो. मोटारीशी त्यांचा आणखी एक ऋणानुबंध असा, की ज्या ‘डालडा १३’ या नावाने त्या ओळखल्या जात, ते नाव त्यांच्या पहिल्या मोटारीच्या डीएलडी १३ या नंबरावरून आलेले.

माणसासाठी उजेड विकत घेतला जातो असा प्रदर्शनातला प्रसंग एकच, तो अनावरणाचा. १० जानेवारी २००८ रोजी प्रगती मैदानावर रतन टाटा नॅनो मोटार स्वतः चालवीत मंचावर घेऊन आले, तेव्हा जेमतेम ३.१ मीटर लांबीची ती गाडी आणि तिच्यातून उतरणारा तो उंचापुरा गृहस्थ यांचे प्रमाणच असे होते, की चित्राला निराळ्या रचनेची गरज उरली नव्हती. बोलणाऱ्याचे तोंड दिसावे म्हणून अशा वेळी समोरूनही दिवे सोडलेले असतात. ज्यांना माणसांची चित्रे हवी असतील त्यांनी म्हणून अनावरणाची वेळ चुकवू नये. ज्यांना गाडीची हवी असतील त्यांनी त्या वेळी खुशाल उपाहारगृहात जाऊन चहा घ्यावा, आणि गर्दी ओसरताना परत यावे.

गर्दी ओसरताना आणखी एक मनुष्य तिथे येतो, त्याच्याकडे सहसा कोणी कॅमेरा वळवीत नाही. त्याच्या हातात मऊ फडके असते. दिवसभरात शेकडो बोटांनी गाडीच्या अंगावर उठवलेले ठसे पुसणे हे त्याचे काम. एका पुसण्यापासून दुसऱ्या पुसण्यापर्यंत तो कोठल्या तरी पडद्याआड उभा असतो. एका संध्याकाळी मी त्याला एका पांढऱ्या मोटारीच्या बॉनेटवर ओणवा झालेला पाहिला. वरचे झोत अजून मालवले नव्हते. बॉनेटवरून उसळलेला सारा प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर साठला होता, आणि खाली त्या पांढऱ्या रंगाच्या लकाकीत त्याचेच दुसरे तोंड पुसट उमटले होते. शटर शंभराव्या भागावर होते, छिद्र एफ २. एके ठिकाणी डाग निघेना म्हणून तो थांबला, जवळ वाकून त्यावर फुंकर घातली, आणि फडके पुन्हा टेकवण्याआधी क्षणभर निरखून पाहू लागला. तेवढा वेळ मला पुरला.